पिस्ता रंगाखालचं सागवान

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंचीला बेताच्या. स्वयंपाकघरातली भिंतीवरची लाकडी कपाटं मात्र माझ्या सासऱ्यांच्या उंचीला बसवलेली. सासरे चांगले चौकटीला डोकं लागेल असे उंच होते, आणि स्वयंपाकघरात यायचे ते फक्त ताट वाढलं का हे बघायला. तरी कपाटं बसवायच्या दिवशी मापाला उभे राहिले तेच, कारण सुतार त्यांनी आणला होता. त्यामुळे आत्याबाईंचा अख्खा संसार स्टुलावर चढण्या-उतरण्यात गेला. डाळीचा डबा काढायचा, चढा. ठेवायचा, परत चढा. मी सून होऊन जालन्यात आले तेव्हा मला वाटलं, चला, आपली उंची बरी आहे, आता यांची सुटका झाली. पण मी पडले नोकरीवाली. मी विम्याच्या ऑफिसात, आणि त्यांना तीळ लागणार भर दुपारी.

त्या तिळांपायीच त्या संक्रांतीच्या तोंडावर स्टुलावरून पडल्या. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टरांनी बजावलं, आता ही चढाचढ बंद. माझे थोरले दीर अंबडहून भेटायला आले होते. रात्री त्यांचे दोन्ही मुलगे जेवायला बसलेले असताना आत्याबाईंनी ताटात भाकरी वाढता वाढता एवढंच म्हटलं,

"तेवढी कपाटं जरा खाली घ्या बाबा. मला हात पुरत न्हाई."

या घरात आत्याबाईंनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. खरं तर सुताराला बोलवलं असतं तर दुपारच्या चहापर्यंत उरकलं असतं. पण आमच्या घरात कर्तबगार माणसं आहेत. ती साधं काम साधेपणानं होऊ देत नाहीत.

माझा नवरा बदनापूरला नोकरीला आहे. रोज रेल्वेनं जातो-येतो. प्रवास म्हणाल तर बसेपर्यंत उतरायची वेळ होते, पण गाडीची वाट बघण्यात जो वेळ जातो त्यात माणूस मोबाईलवर काहीही शिकू शकतो. त्या दिवसांत तो जुन्या लाकडी सामानाचे व्हिडिओ बघत असे. कुठला तरी दाढीवाला गोरा माणूस एका रंग उडालेल्या कपाटाला काहीतरी फासतो, पत्री म्हणजे खरवडायची पातळ पट्टी फिरवतो, की रंगाची साल सुटून खालून मधाच्या रंगाचं लाकूड निघतं. मागं पियानो वाजत असतो. आईचं वाक्य ऐकलं आणि मोबाईलवरून मान वर न करता हा म्हणाला,

"कपाटं उतरवायचीच आहेत तर मंग रंगही काढून घेऊत. खाली सागवान आहे."

दीर अंबडच्या कोर्टात कारकून. त्यांच्या बोलण्याला निकालाचा वजनदारपणा असतो. साधं मीठ मागितलं तरी वाटतं, आता अपील नाही. ते म्हणाले, "नुसतं सागवान न्हाई. किनवटचं सागवान. वडिलांनी स्वतः जाऊन आणल्तं. रंगाखाली सोनं झाकून ठेवलंय आपण."

झालं. आत्याबाईंच्या हाताचा विषय तिथंच संपला आणि सागवानाचा सुरू झाला. त्या मुकाट्यानं दुसरी भाकरी वाढायला लागल्या.

आता हे सोनं कुणी झाकलं तेही सांगायला हवं. आमच्याकडे दर दिवाळीला बाहेरच्या गेटला ऑइल पेंट लावायची पद्धत. गेट रंगवून झालं की डब्यात थोडा रंग उरतोच. उरलेला रंग वाया घालवणं आमच्या घराण्यात पाप. मग ब्रश थेट स्वयंपाकघरात यायचा आणि कपाटांवरून फिरायचा. म्हणजे रंग निवडायचा गेटसाठी, कारण गेट रस्त्यावरून दिसतं. ज्या कपाटांसमोर दोन बायकांनी दिवसभर उभं राहायचं त्यांच्या नशिबी गेटचं उष्टं. एकावर एक थर चढून दारं इतकी फुगली होती की एक दार लागेना आणि दुसरं उघडेना. सगळ्यात वर होता पिस्ता. तो रंग बघून पिस्त्यानं अब्रुनुकसानीचा दावा लावला असता.

कपाटं उतरवायची म्हणजे आधी रिकामी करायची. त्यासाठी दिरांनी आपल्या मोसंबीच्या मळ्यातून रिकामे प्लॅस्टिकचे क्रेट आणले. आत्याबाईंनी आणि मी ओट्याशेजारच्या भिंतीला ते आडवे लावले, एकावर एक, आणि त्यात सगळे डबे मांडले. डाळी एकीकडं, मसाले एकीकडं. दीर म्हणाले, थोडे दिवस कळ काढा. कपाटं पुढच्या अंगणात गेली, आणि आमच्या घरातला पुरुषवर्ग जन्मात पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या कामाला लागला. अर्थात स्वयंपाकघराबाहेर.

दर रविवारी दीर सकाळच्या एसटीनं यायचे. आल्या आल्या चहा. मग दोघं कपाटांभोवती फेऱ्या मारायचे, लग्नाच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे. मग नाश्ता. मग काम. पहिल्या रविवारी नवऱ्यानं रंगाच्या दुकानातून रिमूव्हर आणला. त्याचा वास असा की शेजारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, तुमच्याकडं कसल्या औषधाची बाटली फुटली का? दाढीवाला गोरा माणूस हे काम सावलीत करत होता की थंड देशात, हे काही कुणी बघितलं नव्हतं. आमच्या मंडळींनी ते केलं एप्रिलच्या उन्हात, जालन्यात, भर दुपारी. रिमूव्हर फासला की मिनिटभरात रंगाला तळलेल्या पापडासारखे फोड यायचे, दोघं आनंदानं ओरडायचे, आणि पत्री आणेपर्यंत ते सगळं वाळून पहिल्यापेक्षा घट्ट बसायचं. त्यांनी हे संध्याकाळपर्यंत केलं. शेवटी दिरांनी निकाल दिला की माल डुप्लिकेट आहे.

पुढच्या रविवारी दुकान बदललं, माल तोच निघाला. मी चहाचा ट्रे खाली ठेवत म्हटलं, सावलीत करून बघा. कुणी ऐकल्यासारखं दाखवलं नाही, पण चहा पिऊन झाल्यावर दीर म्हणाले, "मला वाटतं, सावलीत घेऊत." कपाटं पोर्चमध्ये आली आणि रंग सुटायला लागला. त्या शोधाबद्दल नवऱ्यानं दिरांचं फार कौतुक केलं.

पत्री बोथट झाली तेव्हा माझं धिरडी उलटायचं उलथनं गेलं. भांडी घासायचे हातमोजे गेले. जुना टूथब्रश समजून माझा नवा टूथब्रश गेला. मी काही बोलले की उत्तर ठरलेलं, "तुमच्यासाठीच तर करून राह्यलो ना."

थर निघायला लागले तशी दोघांची स्मरणशक्तीही सुटली. पिस्त्याखाली आकाशी निघाला. दीर म्हणाले, हा माझ्या लग्नातला. नवरा म्हणाला, तुमच्या लग्नात गेट विटकरी होतं, मी घोड्यापुढं नाचत गेटवर आदळलो होतो, मला चांगलं आठवतंय. दीर म्हणाले, नवरदेव मी होतो. यावरून अर्धा रविवार गेला. आत आत्याबाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. सगळ्या दिवाळ्यांना ती कपाटं रिकामी करणारी आणि रंग वाळल्यावर परत भरणारी बाई तीच. तिला कुणी विचारलं नाही. मी विचारलं तर हसून म्हणाल्या, "दोघंबी चुकून राह्यले. थोरल्याच्या लग्नात राखाडी व्हता." आणि पुढची जुडी घेतली.

राखाडीच्याही खालून एका संध्याकाळी लाकूड निघालं. खोटं कशाला बोलू, ते फार सुंदर होतं. तिरपं ऊन त्यावर पडलं तेव्हा त्याच्या रेषा अशा उठल्या की मीही हाताचं पीठ पदराला पुसून त्याच्यावरून बोटं फिरवली. नवऱ्याचे डोळे पाणावले. वडील हयात असताना त्यांच्यासमोर दोन वाक्यं सलग बोलायची याची छाती नव्हती. आता दाराच्या फळीला हात लावून तो वडिलांशी बोलल्यासारखं बोलायला लागला. फोटो काढला, 'बाबांचा वारसा' असं लिहून स्टेटसला टाकला. बदाम आले, हात जोडलेले आले. आईच्या मोडलेल्या मनगटाचा फोटो त्यानं कधी टाकला नव्हता. पण एक्स-रे काही तेवढा देखणा नसतो.

इकडं स्वयंपाकघरात वेगळंच चाललं होतं, आणि ते माझ्याही जरा उशिरा लक्षात आलं. मी ऑफिसातून घरी यायचे तर धपाटे झालेले असायचे. कधी तिळाची चटणी नुकतीच कुटलेली. एकदा भाजलेल्या डाळी-मसाल्याचं येसर केलेलं, तेही माझ्या लग्नानंतर आत्याबाईंनी पहिल्यांदा. पूर्वी दारातून आत पाऊल टाकायच्या आत हाक यायची, अगं, तेवढा वरचा डबा दे बरं. ती हाकच बंद झाली होती. त्या क्रेटपुढं उभ्या राहायच्या, हात लांब करायच्या आणि हवं ते हातात यायचं. काम करताना काहीतरी गुणगुणायच्या. मी बघते आहे असं दिसलं की थांबायच्या.

"बरं पडून राह्यलं हे," एकदा त्यांनीच विषय काढला. "सगळं हाताशी हाय."

मी हे रात्री नवऱ्याला सांगितलं. म्हटलं, आत्याबाईंना त्या क्रेटमध्येच सोयीचं पडतंय. हा म्हणाला, "हो हो, तिला म्हणावं थोडी कळ काढ. पॉलिश झालं की सगळं पुन्हा जल्दी लावून देऊत." मला त्या क्षणी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. त्याचं आपटावं हे जास्त बरोबर झालं असतं.

पॉलिशचं रामायण आणखी वेगळं. दिरांना तयार पॉलिश मान्य नाही. चपडी लाख आणायची, स्पिरिटमध्ये भिजवायची आणि कापसाच्या बोळ्यानं, हलक्या हातानं, गोल गोल. हात हलका पाहिजे हे दीर खुर्चीत बसून सांगत आणि नवरा घाम पुसत हात हलका करत असे. पहिला हात बसला आणि रस्त्यावरून वावटळ उठली. सगळा धुरळा ओल्या पॉलिशवर. पॉलिश पेपर घेऊन परत घासणं आलं. दुसऱ्यांदा त्यांनी पोर्चला चारी बाजूंनी माझ्या साड्या बांधल्या. त्यातली एक चांगली होती.

पण कपाटं झाली. आषाढ लागायच्या आत ती परत भिंतीवर चढवायची असं ठरलं, कारण आषाढात नवीन काम करत नाहीत. कपाटं जुनी, भिंत जुनी, यात नवीन काय होतं ते मला कळलं नाही, पण त्या रविवारी दोघं पंचा बांधून स्वयंपाकघरात शिरले. कपाट उचललं आणि भिंतीत सिमेंटनं पक्क्या बसवलेल्या जुन्या लोखंडी पट्ट्यांना टेकवलं. जिथं होतं, बिलकुल तिथंच.

मी म्हटलं, "अहो, खाली घ्यायची होती ना कपाटं?"

दीर वरूनच म्हणाले, "पट्ट्या आधीच्याच आहेत. काढायला गेलो तर टाइल जाणार, अन् तशी टाइल आता मिळत न्हाई."

"आत्याबाईंना हात पुरत नाही म्हणून तर उतरवली."

"अन् खाली घेतली तर दारातून नजरेत बराबर भरणार न्हाईत," नवरा म्हणाला. "मंग एवढं पॉलिश कशाला केलं?"

"मग त्यांनी डबे काढायचे कसे?"

"स्टूल आहे की."

मी म्हटलं, त्या कशावरून पडल्या होत्या, आठवतंय का? नवऱ्यानं स्क्रू तोंडातून काढला आणि मला समजावल्यासारखं म्हणाला, "आई काही म्हणून राह्यली का? तूच म्हणून राह्यलीस." दीर मोबाईलवरच्या पाणसळीत बघत होते. कपाट किंचित डावीकडं कललं होतं. ते त्यांनी केसभराचाही फरक न ठेवता सरळ केलं. मी आत्याबाईंकडं बघितलं. मनात म्हटलं, आता तरी बोला. त्या कपाटाकडं मान वर करून बघत होत्या.

"छान झालं," म्हणाल्या.

नारळ फुटला. पेढे वाटले. मला दोघांचा राग आला होताच, पण त्या दिवशी आत्याबाईंचा जास्त आला.

मग कपाटं बघायला माणसं यायला लागली. कॉलनीतले आले, दिरांचे कोर्टातले आले, कुणी जांबला देवदर्शनाला जाताना वाट वाकडी करून आले. चप्पल बाहेर काढून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. नवरा दिवा लावायचा आणि हात मागं बांधून सांगायला लागायचा. किनवटचं. चपडी लाख. आतून-बाहेरून हातानं. आणि एक नियम आला, तेलाच्या हातानं दाराला शिवायचं नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाला तेलाचा हात लावायचा नाही! मी म्हटलं, मग फोडणी दिवाणखान्यात देते. तर तो म्हणाला, टोमणे मारू नकोस.

या नियमाचा एक फायदा झाला. कपाटांची दारं कुणी उघडेना. त्यामुळे मला सोडून कुणालाच कळलं नाही की आत्याबाईंनी त्यात काहीही ठेवलेलं नाही. एक डबा नाही, वाटी नाही, साधी काडेपेटी नाही. क्रेट होते तिथंच होते. त्यांनी फक्त त्यांच्यावर एक जुनी स्वच्छ चादर सोडली होती, पाहुण्यांसाठी. स्वयंपाकाच्या वेळी ती वर सारायच्या, झालं की खाली सोडायच्या. त्यांना काही बोलायचं नव्हतं, भांडायचं तर नव्हतंच. मी पहिल्यांदा ती रिकामी कपाटं उघडून बघितली तेव्हा माझा त्यांच्यावरचा राग उतरला. मीही तोंड मिटून घेतलं, आणि खरं सांगते, एवढी मजा मला बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

मग एका शनिवारी नवऱ्याबरोबर रोज बदनापूरला जाणारा एक गृहस्थ चहाला आला. त्याला सुतारकामाची आवड. बाहेरची तारीफ ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, आतली बाजू बघू द्या की. नवऱ्यानं आधी हात धुतले, पुसले आणि ऐटीत पहिलं दार उघडलं. आत नुसतं सागवान. दुसरं उघडलं. सागवान. तिसरं उघडलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"आई, सामान लावलं न्हाई अजून?"

आत्याबाई ओट्यापाशी आलं किसत होत्या. "लावलंय की," म्हणाल्या आणि चादर वर सारली. डबे ओळीनं उभे होते.

"मंग यात का न्हाई ठेवलं?"

"त्यात मला हात पुरत न्हाई."

"आई! मंग हे आधी सांगायचं ना!"

मी चहाचे कप खाली ठेवले. मनात म्हटलं, आज मीच बोलते, होऊन जाऊ द्या काय व्हायचं ते. पण आत्याबाईंनी किसणी बाजूला ठेवली आणि मुलाकडं बघितलं. आवाज चढला नाही त्यांचा. त्या म्हणाल्या, "सांगितल्तं बाबा. तू मोबाईल बघून राह्यल्ता."

नवरा कपाटाचं दार धरून उभा राहिला. पाहुणा बिचारा अवघडला. त्यानं एकदा कपाटाकडं बघितलं, एकदा आत्याबाईंकडं, आणि कुठल्याही शहाण्या माणसानं विचारावं तसं विचारलं,

"काकू, किती खाली पाहिजे तुम्हाला?"

आत्याबाईंना ते लगेच कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग परत त्याच्याकडं. या घरात गेटचा रंग विचारून ठरायचा, पॉलिशचे किती हात द्यायचे ते विचारून ठरायचं. त्यांना असं काही आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं ते एका परक्या माणसानं, चहाला आलेल्या.

त्यांनी पदराला हात पुसले. भिंतीपाशी गेल्या, मोडून जुळलेला हात वर केला आणि जिथं तो सहज पोचला तिथं तळवा टाइलवर टेकवला.

"इथं," म्हणाल्या.

नवरा पेन्सिल शोधायला लागला. ती सापडेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.